गव्हाणीजवळची दोन पुस्तके

आमच्या वसईत नाताळच्या गोठ्यात बैल आणि गाढव घरोघरी असतात. गोठे मोठे झाले, विजेची रोषणाई आली, कुठे कुठे पाण्याचा धबधबाही आला. पण त्या दोघांची जागा हललेली नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांचे येशूच्या बालपणावरचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यातली नेमकी हीच गोष्ट उचलली. पोपनी गोठ्यातून जनावरे हाकलली, अशा थाटाच्या बातम्या आल्या. पुस्तकात प्रत्यक्षात एवढेच होते की शुभवर्तमानात त्या जनावरांचा उल्लेख नाही. ती यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आली आहेत. मुक्या प्राण्यांना आपला धनी कळतो, देवाच्या लोकांना मात्र तो कळत नाही, अशी तिथे तक्रार आहे. आणि लगेच पुढे पोप सांगतात की कोणताही गोठा बैल-गाढवाला सोडचिठ्ठी देणार नाही. हे पुढचे वाक्य बहुतेक बातम्यांतून गळले.

मी ते पुस्तक घेतले ते मात्र या बातमीमुळे नव्हे. काही वर्षे मी आमच्या धर्मग्रामात रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत असे. आगमनकाळातल्या एका रविवारी सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘सर, मरिया-योसेफ बाळाला घेऊन इजिप्तला पळाले की घरी नाझरेथला गेले?’ तिने मत्तय आणि लूक एकापाठोपाठ एक वाचले होते. आपण मोठी माणसे सहसा ते करत नाही. मी काहीतरी सारवासारव केली. दोन्ही खरे आहे, आधी हे झाले, मग ते झाले, असे म्हणालो. तिने मान डोलावली. पण तिला ते पटले नव्हते, आणि मलाही नव्हते.

तिची अडचण खरी आहे. मत्तयच्या वृत्तांतात मरिया-योसेफ आधी नाझरेथला राहत होते याचा मागमूस नाही. पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळाला भेटतात ते एका घरात. मग हेरोदाची कत्तल, इजिप्तला पलायन, आणि परतताना यहुदियात राहणे धोक्याचे म्हणून नाझरेथ हे नवे गाव. लूकच्या वृत्तांतात नाझरेथ हे घरच आहे. शिरगणतीसाठी बेथलेहेमचा प्रवास, उतारशाळेत जागा नाही म्हणून गव्हाण, मेंढपाळ, मग यरुशलेमच्या मंदिरात बाळाचे समर्पण आणि तिथून सरळ घरी. एका गोष्टीत रक्तपात आहे, दुसरीत त्याची कुणकुणही नाही. आपला गोठा या दोन्ही कथांना एका छपराखाली आणतो. मेंढपाळ डावीकडे, तीन राजे उजवीकडे. ‘तीन’ आणि ‘राजे’ हे दोन्ही शब्दही मत्तयमध्ये नाहीत, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

प्रश्न नवा नाही. संत ऑगस्टीनने इसवी सन ४००च्या सुमारास चारही शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात हाही गुंता सोडवण्याची खटपट आहे. पण आधुनिक अर्थाने हा प्रश्न कॅथलिक अभ्यासकाच्या टेबलावर मोकळेपणाने आला तो १९४३नंतर. त्या वर्षी पोप पायस बारावे यांनी बायबलच्या अभ्यासात वाङ्मयप्रकारांचा, मूळ भाषांचा, तत्कालीन इतिहासाचा विचार करण्यास उघड प्रोत्साहन दिले. १९६४मध्ये रोमच्या बायबल आयोगाने शुभवर्तमानांच्या घडणीचे तीन टप्पे सांगितले: येशूचे स्वतःचे जीवन, प्रेषितांची घोषणा, आणि मग शुभवर्तमानकारांचे लेखन. पुढच्याच वर्षी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ही मांडणी आपल्या दस्तऐवजात घेतली. यात एक अडचण मात्र उरली. प्रेषित येशूच्या कार्याचे साक्षीदार होते. त्याच्या जन्माचे नव्हते.

या अडचणीला थेट भिडला तो रेमंड ब्राऊन हा अमेरिकन धर्मगुरू. त्याचा ‘द बर्थ ऑफ द मसाया’ हा ग्रंथ १९७७ साली आला; मत्तय आणि लूक यांच्या पहिल्या दोन-दोन अध्यायांवर सहाशे पानांच्या घरात भाष्य. पुढे १९९३मध्ये त्याने ते आणखी वाढवले. ब्राऊन सल्पिशियन संघाचा धर्मगुरू, न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीसारख्या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या संस्थेत प्राध्यापक, आणि तरीही पोपनी नेमलेल्या बायबल आयोगाचा सभासद. बायको-मुलांचा व्याप नसलेल्या माणसालाच असे पुस्तक लिहायला सवड मिळेल, असे ते चाळताना वाटते. पण त्यातले एकही पान भरताड नाही.

ब्राऊनची पद्धत वकिलाची नाही, हिशेबनिसाची आहे. दोन्ही वृत्तांतांत काय समान आहे ते तो आधी मांडतो: मरिया आणि योसेफ यांचे वाङ्निश्चय झालेले असणे, दावीदाचे कुळ, देवदूताचा संदेश, पवित्र आत्म्याने झालेली गर्भधारणा, आधीच सांगितलेले येशू हे नाव, हेरोदाचा काळ, बेथलेहेममधला जन्म, नाझरेथमधले बालपण. ही यादी लहान नाही, कारण या दोघांनी एकमेकांचे लेखन पाहिलेले दिसत नाही. मग तो विसंगती तितक्याच शांतपणे मांडतो. दोन्ही कथा जशाच्या तशा ऐतिहासिक असणे अवघड आहे, हे तो लपवत नाही. लूक सांगतो ती क्विरिनियसची शिरगणती इसवी सन ६ मधली. हेरोद तर इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारलेला. इथे लूकची गल्लत झाली आहे असे त्याचे मत. मत्तयच्या कथेत त्याला मोशे दिसतो: मुलांची कत्तल करणारा राजा, वाचलेले बाळ, इजिप्तमधून येणे. लूकमधल्या मरियेच्या गीतात शमुवेलाची आई हन्ना हिच्या गीताचा सूर आहे, हे जुन्या कराराच्या वाचकाला सांगावे लागत नाही.

पण ब्राऊनचे खरे म्हणणे याच्या पुढचे आहे, आणि ते त्याच्या टीकाकारांनी क्वचितच वाचले. त्याच्या मते या चार अध्यायांत छोट्या आकारात सगळे शुभवर्तमान आहे. येशू कोण, हे शिष्यांना उमगले ते पुनरुत्थानानंतर. तिथून त्यांची दृष्टी मागे गेली. क्रुसापासून बाप्तिस्म्यापर्यंत, आणि शेवटी पाळण्यापर्यंत. म्हणून पाळण्याभोवती आधीच क्रुसाची माणसे जमली आहेत: राजाला मारू पाहणारा सत्ताधीश, त्याच्या बाजूने उभे राहिलेले महायाजक आणि शास्त्री, आणि दुरून आलेले परके, जे नमन करतात. नाताळात आपण प्रौढ ख्रिस्ताला भेटतो, असे सांगणारे एक लहान पुस्तकही ब्राऊनने पुढच्या वर्षी लिहिले.

जोसेफ रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट, यांना ही अभ्यासपद्धती परकी नव्हती. पण तिच्याविषयी त्यांच्या मनात धास्ती होती. जानेवारी १९८८मध्ये न्यू यॉर्कला त्यांनी एक व्याख्यान दिले. बायबलची चिकित्सा करणाऱ्यांनी स्वतःच्या चिकित्सेचीही चिकित्सा करावी, ही त्याची मध्यवर्ती मागणी. त्या निमित्ताने झालेल्या परिषदेत ब्राऊनही होता. ब्राऊन १९९८मध्ये वारला. बेनेडिक्ट यांचे बालपणावरचे पुस्तक त्यानंतर चौदा वर्षांनी आले. आणि ते येऊन शंभर दिवस होण्याच्या सुमारास ते पोपपदावरून उतरलेही होते. त्यांच्या येशूविषयक तीन पुस्तकांपैकी पहिल्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवले होते की हे पोपचे फर्मान नव्हे, ज्याला पटत नाही त्याने खुशाल विरोध करावा. ही मुभा मी इथे घेतो आहे.

बेनेडिक्ट यांचा प्रश्न दुहेरी आहे. लेखकाला त्याच्या काळात काय सांगायचे होते, हा पहिला. आणि जे सांगितले ते खरे आहे का, माझा त्याच्याशी काय संबंध, हा दुसरा. पहिल्यावर थांबणारा अभ्यास त्यांना अर्धवट वाटतो, आणि यात ते बरोबर आहेत. पुस्तकातली काही पाने फार सुंदर आहेत. प्रिएने येथे सापडलेल्या इसवी सनापूर्वी ९ मधल्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिवसाला जगासाठीच्या ‘सुवार्तां’ची सुरुवात म्हटले आहे. लूकने त्याच ऑगस्टसच्या आज्ञेने कथा सुरू केली आणि सुवार्ता हा शब्द मात्र रानातल्या मेंढपाळांकडे वळवला, हे ते दाखवतात तेव्हा इतिहास आणि श्रद्धा वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत.

तारा आणि ज्ञानी लोक यांच्या प्रकरणात ते केप्लरपासूनची खगोलशास्त्रीय चर्चा घेतात: इसवी सनापूर्वी ७-६ मधली गुरू-शनी युती वगैरे. ही पाने मला कमी पटली; अशा युतीने कुणी घर दाखवत नाही. पण त्याच प्रकरणाच्या शेवटी ते एक मोठी सवलत देतात. कार्डिनल दानिएलू यांचा हवाला देऊन ते म्हणतात की ज्ञानी लोकांची भेट ही घटना नसून धर्मचिंतनातून रचलेली कथा ठरली, तरी श्रद्धेचा पाया हलत नाही. स्वतःचे मत मात्र ते उलट देतात: मत्तय खरा इतिहासच सांगतो आहे, फक्त तो चिंतनातून उमगलेला इतिहास आहे.

दोघांतला फरक इथे नेमका दिसतो. ब्राऊन विचारतो, घडले असे म्हणायला पुरावा काय? बेनेडिक्ट विचारतात, घडले नाही असे म्हणायला पुरावा काय? एकाने पुराव्याचे ओझे कथेवर टाकले, दुसऱ्याने शंकेवर. मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा आहे. ज्ञानदेव एक की दोन, तुकोबांचे सदेह वैकुंठगमन म्हणजे काय, यावर आपल्याकडे पिढ्यांनी शाई आटवली आहे. पण तिथे भिंत चालली की नाही यावर ज्ञानेश्वरीचा अर्थ अवलंबून नसतो. कॅथलिक माणसाला ती सोय नाही. तो दर रविवारी जे श्रद्धाप्रकटन म्हणतो, त्यात कुमारी मरियेचे नाव आहे आणि पंतय पिलात या रोमन अधिकाऱ्याचेही. ‘भावार्थ घ्या’ म्हणून त्याला सुटता येत नाही.

आणि म्हणून कुमारिकेच्या पोटी जन्म या मुद्द्यावर मला बेनेडिक्ट यांची बाजू जड वाटते. ते म्हणतात, देवाने प्रत्यक्ष जडसृष्टीत हात घातला असे दोन प्रसंग आहेत: हा जन्म, आणि रिकामी कबर. देवाला फक्त मनात आणि विचारात वावर ठेवायची मुभा द्यायची आणि पदार्थात नाही, तर तो देव कसला? ब्राऊनचा निष्कर्ष होता की शास्त्रीय कसोटीवर उपलब्ध पुरावा हा प्रश्न अनिर्णित ठेवतो. या एका वाक्यामुळे त्याला पाखंडी ठरवणारे पुष्कळ निघाले. पण तो तिथेच थांबत नाही. निव्वळ रचलेली कल्पना मानण्यापेक्षा मागे काही घडले होते असे मानल्यास पुराव्याची संगती अधिक लागते, हेही त्याने नोंदवले, आणि ख्रिस्तसभेची शिकवण स्वीकारली. निकाल पुराव्याने नव्हे तर परंपरेने लागतो, एवढेच त्याचे म्हणणे. ते प्रामाणिक आहे.

शिरगणतीच्या आणि इजिप्तच्या बाबतीत मात्र मी ब्राऊनबरोबर आहे. नोंदणी आधी आणि करआकारणी नंतर अशी शिरगणती टप्प्याटप्प्याने झाली असेल, योसेफाची बेथलेहेमात जमीन असेल, असे बेनेडिक्ट सुचवतात. असेलही. पण ‘असेल’वर ‘असेल’ रचत गेले की वाचकाला वाटते, लेखकाला काहीतरी वाचवायचे आहे. आणि माझ्या सातवीतल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नावर ते फारसे थांबत नाहीत. दोन वेगळ्या परंपरा बेथलेहेम आणि नाझरेथ यांवर एकत्र येतात, एवढे सांगून पुढे जातात. मुद्दा चांगला आहे. पण इजिप्त की घर, हे उरतेच. लूकची चूक झाली असेल तर ती मान्य केल्याने गव्हाण रिकामी होत नाही. उलट न मान्य करण्याने हुशार मुले बाहेर पडतात, हे मी पाहिले आहे.

जे कथांचे, तेच तारखेचे. दरवर्षी डिसेंबरात कुणीतरी मला सांगतो की नाताळ हा मुळात सूर्याचा सण, ख्रिस्ती लोकांनी तो उचलला. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो मला समजतो. आपणही इतरांच्या सणांबद्दल असेच बोलतो. पण पुरावा तितका सरळ नाही. पहिल्या ख्रिस्ती शतकांत जन्मदिवसाची फारशी फिकीर नव्हती. ओरिजेन तर म्हणे की बायबलात वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोद यांच्यासारखे पापी. सम्राट ऑरेलियनने २७४मध्ये रोममध्ये सूर्यदेवाचे मंदिर उभारले हे खरे. पण २५ डिसेंबर या दिवशी अजिंक्य सूर्याचा जन्मोत्सव असल्याची सर्वांत जुनी नोंद मिळते ती ३५४ सालच्या एका रोमन संग्रहात, ३० रथशर्यतींच्या उल्लेखासह. आणि त्याच संग्रहात, ३३६च्या सुमाराच्या एका यादीत, त्याच तारखेला ख्रिस्त यहुदियातल्या बेथलेहेमात जन्मला अशीही नोंद आहे. दोन्ही दावे एकाच पुस्तकात पहिल्यांदा भेटतात. कोणी कोणाचे उचलले हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन्ही सण लोकांच्या मनात मिसळत होते हे मात्र नक्की: पाचव्या शतकात पोप लिओ यांना प्रवचनात रागवावे लागले, कारण ख्रिस्ती लोक संत पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढून वळत आणि उगवत्या सूर्याला मान लववत.

दुसरा खुलासा मला अधिक विचार करायला लावतो. ऑगस्टीन नोंदवतो की परंपरेनुसार ख्रिस्ताची गर्भधारणा आणि त्याचे मरण एकाच तारखेला, २५ मार्चला. त्यात नऊ महिने मिळवा. २५ डिसेंबर येतो. कार्डिनल असताना २००० साली लिहिलेल्या उपासनाविषयक पुस्तकात रॅट्झिंगर यांनी हाच धागा धरला आणि सूर्याची, मिथ्राची जुनी उपपत्ती आता टिकत नाही असे ठाम लिहिले. इतके ठाम मी लिहिणार नाही. गणित आधी आणि सण नंतर, की सणाला नंतर गणिताचा आधार दिला, हे ठरवणे कठीण आहे. पण हे गणित उलट्या दिशेने चालते हे महत्त्वाचे: मरणापासून जन्माकडे. ब्राऊनने कथांविषयी जे म्हटले तेच इथे पंचांगात दिसते. ३५४च्या संग्रहातली ती नोंदही कुठे आहे? हुतात्म्यांच्या दफनतिथींच्या यादीत, अगदी सुरुवातीला. त्या काळी हुतात्म्याच्या मरणदिवसाला ख्रिस्ती लोक ‘नातालिस’, जन्मदिवस, म्हणत. त्याच लॅटिन शब्दावरून पोर्तुगीजांचा ‘नताल’ आणि आपला ‘नाताळ’ आला.

फादर स्टीफन्सचा ग्रंथ, ज्याला आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो, तो राशोल येथे १६१६ साली छापला गेला. त्याचे पोर्तुगीज शीर्षक ‘येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे प्रवचन’ अशा अर्थाचे आहे. दोन पुराणांपैकी पहिल्याचे ३६ अवस्वर जुन्या कराराला दिलेले. त्यानंतर ५९ अवस्वरांचे दुसरे. मराठी श्रोत्याला स्टीफन्सने पाळण्यापाशी एकदम नेले नाही, आधी हजारो ओव्यांतून चालवले. नाताळविषयीचे आपले आजचे मराठी लेखन, माझे धरून, थेट गव्हाणीपाशी उतरते आणि मेणबत्ती लावून परत फिरते.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेआधी अनेक ठिकाणी जन्माची एक जुनी घोषणा गातात. रोमन हुतात्मावलीत ती आहे. तिच्या जुन्या पाठात सृष्टीच्या निर्मितीपासूनचे ५१९९वे वर्ष असा आकडा होता. २००१च्या नव्या आवृत्तीत तो काढून ‘असंख्य युगे’ अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. रोम शहराच्या स्थापनेपासूनचे ७५२वे वर्ष आणि ऑगस्टसच्या राजवटीचे ४२वे वर्ष मात्र तसेच ठेवले आहे. कोणता आकडा सोडायचा आणि कोणता धरायचा हे इथे कुणीतरी बसून ठरवले. ब्राऊन आणि बेनेडिक्ट, दोघांनाही या दुरुस्तीत आपली सही दिसली असती.

यंदा मला पुन्हा आगमनकाळातले चार रविवार मुलांना शिकवायला बोलावले आहे. मी त्यांना दोन गोठे करायला सांगणार आहे, एक लूकचा आणि एक मत्तयचा. मत्तयच्या गोठ्यात गोठा नसेल. घर असेल, तारा असेल, आणि मागच्या बाजूला इजिप्तची वाट. बैल आणि गाढव कुठे ठेवायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे.